बायकोच्या तोंडचे नवे शब्द

सप्टेंबरात माझी बायको चित्रकलेच्या क्लासला जायला लागली आणि आमच्या घरात नवे शब्द यायला लागले.

पहिला शब्द आला तो वांग्यांवरून. शनिवारची सकाळ होती. भरली वांगी करायची म्हणून तिने ईलिंगच्या भारतीय दुकानातून आणलेली छोटी वांगी धुऊन ओट्यावर ठेवली होती. मी चहा घेत फोनवर बातम्या वाचत होतो. ती सुरी हातात धरून बराच वेळ नुसतीच उभी होती.

"काय झालं? किडकी निघाली का?"

"नाही रे. हायलाइट बघ ना. एवढं काळपट वांगं, आणि त्यावर खिडकीचा पांढरा चौकोन. तो म्हणाला तसंच आहे अगदी. जांभळा रंग कितीही लावला तरी वांगं गोल होत नाही, तेवढा पांढरा ठिपका दिला की होतं."

मी वांग्याकडे बघितलं. वांगं होतं.

"तो कोण?"

"आहे क्लासमधला एकजण," ती म्हणाली आणि वांग्याला चिरा द्यायला लागली.

इंग्लिश माणसांना आम्ही घरात सरसकट 'तो' म्हणतो. त्यांच्यात सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, त्यामुळे ऐंशीच्या म्हाताऱ्यालाही मराठीत 'ते' लावायचं आमच्या लक्षात राहत नाही. त्यामुळे हा 'तो' पंचविशीतला की पंच्याहत्तरीतला, हे मला कळलं नाही. आणि विचारलं असतं तर मी विचारतोय हे तिला कळलं असतं.

आम्ही लंडनजवळ मेडनहेडला राहतो. मी मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, रोज ट्रेनने पॅडिंग्टनला जाऊन तिथून पुढे एका बँकेच्या प्रोजेक्टवर. बायको नागपूरची. इथल्या एका शाळेच्या ऑफिसात ती सकाळचं काम करते. मुलगी मोठी झाली, तिला आता न्यायला-आणायला कोणी लागत नाही, तेव्हा नदीजवळच्या कम्युनिटी हॉलमधल्या क्लासचं पत्रक बायकोनेच घरी आणलं. "जा की, तेवढाच विरंगुळा," असं म्हणणारा मीच. तिने शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या हे मला लग्न ठरताना कळलं होतं, पण ते आपण मुलगी गाणं शिकली आहे, शिवण शिकली आहे असं ऐकतो त्या पद्धतीने. माझी स्वतःची चित्रकला दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य याच्या पुढे कधी गेली नाही.

मग दर बुधवारी एकेक शब्द यायला लागला. 'टोन' आला. टोन म्हणजे रंग कोणता ते नव्हे, तो किती उजळ आणि किती गडद ते. ती जेवताना डोळे बारीक करून टेबलाकडे बघायची. डोळे बारीक केले की रंग मागे पडतात आणि नुसता उजेड-अंधार उरतो, असं तिला कळलं होतं. मला वाटायचं तिला चष्मा लागलाय. मग 'निगेटिव्ह स्पेस' आली. रविवारी आम्ही बागेत बसलो होतो, तर ती समोरच्या लाकडी खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही खुर्ची काढायची असेल ना, तर खुर्ची काढायचीच नाही. दांड्यांच्या मधे जे रिकामे तुकडे आहेत ना, त्यांचे आकार काढायचे. खुर्ची आपोआप येते. मी काढून बघितली. आली!"

"वा," मी म्हणालो.

"तो तर म्हणतो, माणसंही तशीच काढावीत. माणूस आणि भिंत यांच्यामधली जागा आधी बघावी."

मी 'वा' म्हणालो नाही. आमच्यात एरवी काय बोलणं होतं याची मनातल्या मनात उजळणी केली. उद्या कचऱ्याचा कुठला बिन बाहेर ठेवायचा, हिरवा की काळा. बॉयलरवाला कधी येणार. दूध संपलंय. मुलीच्या पेरेंट्स इव्हनिंगला कोण जाणार. यातलं काहीही वाईट नव्हतं. पण रिकाम्या जागेबद्दल ती माझ्याशी आजवर कधी बोलली नव्हती, आणि आता बोलत होती तेव्हाही त्यात अर्धा वाटा दुसऱ्याचा होता.

एका बुधवारी 'इम्पास्टो' आला. रंगाचा इतका जाड थर द्यायचा की ब्रशचे किंवा सुरीचे ओरखडे तसेच उठून दिसतात, हाताला लागतात. "तो सगळं इम्पास्टोतच करतो," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आमटी जरा घट्ट झाली होती. मी वाटीत डाव उभा करून म्हणालो, "आज आमटी इम्पास्टो आहे." ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मुलगीही हसली. मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत मी तिला असं हसवलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी ती क्लासहून आली ती हसतच. "तुझा आमटीचा जोक त्याला सांगितला. आमटी म्हणजे काय ते आधी सांगावं लागलं. मग असा हसला! म्हणाला, आता मी सूपला कायम असंच म्हणणार."

म्हणजे माझा विनोदही गेला. तो आता त्याच्या सूपमध्ये होता.

नोव्हेंबरात तिची गाडी गॅरेजला होती म्हणून मी तिला आणायला गेलो. पाऊस भुरभुरत होता. हॉलच्या मोठ्या काचेतून आतलं सगळं दिसत होतं. ईझल्स आवरणं चाललं होतं. ती एका उंच माणसाशेजारी उभी होती. पांढरे, मानेपर्यंत वाढवलेले केस. गळ्यात गडद निळा स्कार्फ. सत्तरीचा असेल, पण आपल्याकडच्या सत्तरीसारखा नाही, ताठ. ती त्याला कोणाच्या तरी चित्राबद्दल काही सांगत होती आणि तो तिच्याकडे सरळ न बघता, मान थोडी वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होता. असं बघणारी माणसं मी पूर्वी फक्त सिनेमात बघितली होती. मग ते दाराकडे निघाले. पायरीशी आल्यावर माझ्या बायकोने त्याचा कोपर धरला.

रस्ता ओलांडताना ती माझाही हात धरत नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नाही. म्हणजे नव्हती.

मी गाडीतून उतरलो. ओळख झाली. त्याचा आवाज खोल आणि मऊ होता. माझ्याशी बोलताना तो माझ्या चेहऱ्याकडे नव्हे तर माझ्या डाव्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होता. मी मनात म्हटलं, केवढी ही मिजास.

"तुम्ही नशीबवान आहात," तो इंग्लिशमध्ये म्हणाला. "शी हॅज अ मार्व्हलस आय."

मराठीत कोणाचा कोणावर डोळा असणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला माहीत असायचं कारण नव्हतं. घरी येईपर्यंत मी वायपरकडे बघत गाडी चालवली. ती बोलत होती. त्या बोलण्याने पुढे माझी चांगलीच पंचाईत केली, पण तेव्हा मी ऐकत नव्हतो. मी त्या कोपराचा विचार करत होतो.

मुलीने जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, आर्ट घेतलं होतं. तिच्या टेबलावर रिव्हिजनची कार्डं होती, एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ. मी त्यातला गठ्ठा उचलला आणि ट्रेनमध्ये वाचायला लागलो. लोक फोनवर बातम्या वाचत होते, मी फोरशॉर्टनिंग वाचत होतो: आपल्या दिशेने रोखलेला हात लांब न दिसता आखूड दिसतो, तो तसा आखूडच काढायचा. किआरोस्क्युरो म्हणजे गडद अंधार आणि प्रखर उजेड समोरासमोर आणणं, आपल्याकडे ज्याला छायाप्रकाश म्हणतात त्यातला नाट्यमय प्रकार. स्फुमातो म्हणजे कडा धुरात विरघळल्यासारख्या सोडणं, ओठ कुठे संपतात आणि गाल कुठे सुरू होतो ते कळूच द्यायचं नाही. ग्लेझ म्हणजे वाळलेल्या रंगावर पातळ, पारदर्शक रंगाचा थर. इम्प्रेशनिझमवाले वस्तूपेक्षा तिच्यावर त्या क्षणी पडलेल्या उजेडाच्या मागे, क्युबिझमवाले एकच वस्तू चहूबाजूंनी एकदम दाखवायच्या मागे. स्लाव स्टेशन येईपर्यंत मी तीन-चार कार्डं संपवायचो. पाठांतर मला पहिल्यापासून चांगलं जमतं.

"बाबा, तू माझी कार्ड्स घेतला?" एका संध्याकाळी मुलीने विचारलं. तिचं मराठी असंच आहे, लिंग-वचनाचा सगळा कारभार अंदाजाने.

"घेतली. घेतली म्हणायचं. जरा बघत होतो."

"व्हाय?"

"आईच्या क्लासमध्ये काय चालतं ते कळावं म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू तिलाच का विचारत नाही?"

"मला प्रश्न विचार," मी कार्डं पुढे करत म्हणालो. तिने विचारले. मला सगळे आले. ती म्हणाली, "यू नो दे आर जस्ट वर्ड्स, राइट?" मी म्हणालो, हो, शब्दच तर पाहिजेत.

फेब्रुवारीत क्लासची सहल ठरली, लंडनच्या एका मोठ्या गॅलरीत. घरच्यांनाही आणा म्हणून सांगितलं होतं. मी येतो म्हटल्यावर बायको चकित झाली. "तू? शनिवारी? गॅलरीत?" मी नवा स्वेटर घातला. तिने ते बघितलं.

गॅलरीत शिरल्यावर क्लासच्या शिक्षिकेने थोडी माहिती सांगितली आणि सगळे पांगले. मी त्या दोघांच्या मागोमाग राहिलो. ती त्याच्या डाव्या बाजूला, हात पुन्हा त्याच्या कोपराशी. एका दालनात एक मोठं, जवळजवळ काळं चित्र होतं. अंधारी खोली, टेबलापाशी एक बाई, समोर मेणबत्ती, आणि वारा लागू नये म्हणून ज्योतीच्या आड धरलेला तिचा तळहात. मला आनंदाची उकळी फुटली. हे चित्र म्हणजे माझं कार्डच होतं.

"किआरोस्क्युरो," मी पुढे होऊन म्हणालो. जरा मोठ्यानेच. "आणि हात बघा, फोरशॉर्टनिंग."

बायकोने चमकून माझ्याकडे बघितलं. तो माझ्या आवाजाच्या दिशेने वळला आणि मनापासून खूश होऊन म्हणाला, "अगदी बरोबर! मग सांगा, तुम्हाला काय काय दिसतंय?"

"तेच की. किआरोस्क्युरो. म्हणजे उजेड आणि अंधार यांचा काँट्रास्ट."

"हो, पण उजेड कुठून कुठे जातो? कुठे थांबतो?"

मी चित्राकडे बघितलं. उजेड मेणबत्तीतून येत होता. मी तसं सांगितलं. पुढे काय सांगायचं ते कार्डाच्या मागे लिहिलेलं नव्हतं. मागे एका लहान मुलाचं रडणं ऐकू येत होतं आणि माझ्या स्वेटरच्या गळ्यापाशी खाजत होतं. शेवटी त्याने मान किंचित माझ्या बायकोकडे केली. ती सांगायला लागली. ती इंग्लिशमध्ये बोलत होती, पण मला ते आता मराठीतच आठवतं.

"मी डावीकडून सुरू करते. डावा सगळा भाग काळा आहे, पण मेलेला काळा नाही, खाली तपकिरी आहे आणि वर पातळ ग्लेझ दिलेत, त्यामुळे आत खोली आहे असं वाटतं. त्यातून हळूहळू खांदा येतो. खांद्याची कड हरवलेली आहे, कुठे सुरू झाला ते सांगता येणार नाही. मग बाहीवर पहिला उजेड, मळका पिवळा. मग तळहात. इथे चित्रकाराने रंग जाड लावलाय. बोटांच्या फटीतून उजेड आरपार आलाय, म्हणून फटींच्या कडा लाल आहेत. आपण लहानपणी टॉर्चवर हात धरायचो ना, तसा."

तो डोळे मिटून ऐकत होता.

"आणि चेहरा?" त्याने विचारलं.

माझा संयम संपला होता. चित्रापासून तो हातभर अंतरावर उभा होता. "चेहरा तुमच्या अगदी समोरच आहे," मी म्हणालो.

"हो, असणार," तो शांतपणे म्हणाला. "माझी अडचणच ती आहे. मी जिथे बघतो, नेमकं तिथेच मला काही दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. चौकट दिसते, तुमच्या स्वेटरचा लाल रंग दिसतो. पण मधोमध एक राखाडी डाग आहे. कुठल्याही चित्रातला चेहरा मी बघायला गेलो की तो त्या डागात जातो."

बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती चित्राकडेच बघत होती आणि तिने चेहरा सांगायला सुरुवात केली होती. मी मागे झालो आणि दालनाच्या मधोमध ठेवलेल्या बाकावर जाऊन बसलो. ते तिरकं बघणं, माझ्या कानाकडे बघून बोलणं, तो कोपर, हाताला लागेल असा जाड रंग, सगळं एकामागून एक जागेवर बसत गेलं. मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण खरं सांगायचं तर लाज वरवरची होती. खाली जळफळाट होता तसाच होता. ज्याची नजर जाते आहे अशा माणसाचा हेवा वाटणं शोभत नाही, हे कळत होतं, आणि तरी बाकावर बसून मला वाटत होतं, मला धडधाकट डोळे आहेत, म्हणूनच ती मला काही सांगत नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये आम्हाला समोरासमोर जागा मिळाली.

"त्याच्या डोळ्यांचं मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"सांगितलं होतं."

"कधी?"

"तू मला आणायला आलास ना, त्याच दिवशी. गाडीत. मी म्हटलं, त्याच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय, तो आर्किटेक्ट होता, एकटा राहतो, आणि त्याला चित्रं सांगायला मला आवडतं. सगळं सांगितलं. तू म्हणालास, 'हं. उद्या हिरवा बिन का काळा?'"

मी खिडकीबाहेर बघितलं. "मला असं कधी सांगितलं नाहीस तू. खांदा, बाही, बोटांच्या फटी..."

"तुला कशाला सांगायचं? तुला दिसतं की."

"मला काही दिसत नाही," मी म्हणालो. हे मला जरा रागानेच म्हणायचं होतं, पण ते रडवेलं झालं. पलीकडच्या सीटवरच्या माणसाने हेडफोन नीट केले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो विचारतो रे. दर वेळी विचारतो, काय दिसतं तुला. नागपूर सोडल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. शाळेत विचारतात, फाइल कुठाय. तू विचारतोस, चावी कुठाय."

यावर भांडण व्हायला हवं होतं, पण मेडनहेड आलं.

त्यानंतर मी सुधारलो वगैरे काही नाही. एवढंच झालं की मार्चमध्ये मीच म्हटलं, त्याला जेवायला बोलाव. मला वाटतं, त्याला माझ्या घरात, माझ्या टेबलापाशी बसलेला बघावं, म्हणजे तो जरा लहान दिसेल, असा माझा हिशेब होता. तो लहान दिसला नाही. त्याने माझ्यासाठी बागेतली डॅफोडिल्स आणली होती. बायकोला काही नाही, मला. जेवताना ती त्याला सांगत होती, भात तुझ्या समोर पलीकडच्या कडेला, वरण मधे, भाजी उजवीकडे. त्याने वाटीत चमचा घातला आणि गंभीरपणे विचारलं, "इम्पास्टो?" मी म्हणालो, "नाही, आज वॉटरकलर आहे." तो हसला. मीही हसलो, आणि हसल्याबद्दल स्वतःवर चिडलो.

जेवण झालं आणि तिच्या आईचा नागपूरहून फोन आला. आईशी बोलायचं म्हणजे मोठ्याने बोलावं लागतं, म्हणून ती फोन घेऊन बागेत गेली. मुलगी मैत्रिणीकडे होती. टेबलापाशी आम्ही दोघेच उरलो. त्याने नॅपकिनची घडी घातली. मग म्हणाला, "तुम्हाला एक विचारू का? तिला विचारणं बरं दिसणार नाही."

"विचारा."

"ती दिसते कशी?"

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"आमची ओळख झाली तेव्हा माझं मधलं दिसणं गेलेलंच होतं. तिचा आवाज मला पाठ आहे. ती उभी कशी राहते ते माहीत आहे, खांदे माहीत आहेत, केसांचा बाहेरचा आकार माहीत आहे. चेहरा मी कधी पाहिलेलाच नाही. तिने मला इतके चेहरे सांगितले, पण स्वतःचा कसा सांगणार?"

इतके महिने मी त्याचा हेवा केला. तिचे बुधवार त्याच्याकडे होते, तिचे शब्द त्याच्याकडे होते, माझा विनोदसुद्धा. आणि तिचा चेहरा, जो मी रोज सकाळी दात घासताना आरशात माझ्या चेहऱ्याशेजारी बघतो, तो त्याच्याकडे नव्हता. मला आनंद झाला. वाईट प्रकारचा का होईना, पण आनंद. मी खुर्ची वळवली आणि काचेच्या दारातून बाहेर बघितलं. ती सफरचंदाच्या झाडाखाली उभी राहून आईला काहीतरी समजावत होती.

"उजेड उजवीकडून आहे," मी सुरुवात केली. "फार कडक नाही. ढग आहेत. त्यामुळे सावल्या मऊ आहेत. डावा गाल टोनमध्ये थोडा गडद."

"छान," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

"कपाळ मोठं आहे. केसांपाशी कड विरघळलेली, कारण तिथे बारीक केस उडताहेत. भांगात पांढरे आलेत, ती रंगवत नाही. जबड्याची कड मात्र स्पष्ट आहे, एका रेघेत काढता येईल. भुवया..." मी थांबलो. भुवया कशा आहेत ते मला माहीत नव्हतं. बघावं लागलं. "भुवया जाड, आणि त्यांच्यामध्ये एक उभी रेघ. ती रेघ नवी आहे. म्हणजे मला नवी आहे."

"रंग?"

"गव्हाळ," मी मराठीत म्हणालो, आणि त्याला ते इंग्लिशमध्ये कसं सांगावं ते कळेना. "गव्हासारखा."

"टोस्ट?"

"नाही, टोस्ट नाही. चहात दूध जरा कमी पडलं तर कसा होतो, तसा. आणि डोळ्यांखाली त्याच चहात दूध घालायचं राहूनच गेलं तर, तसा."

तो हसला नाही. डोक्याने हळूच होकार देत राहिला, जणू मी सांगेन तसं तो कुठेतरी आत भरत होता. मी सांगत गेलो. नाकाची चमकी, जिचा हायलाइट ती मान हलवते तसा सरकतो. ओठांच्या कडा, त्या ती बोलत नसते तेव्हाच नीट दिसतात आणि ती फारशी गप्प नसते. कानामागे अडकवलेली पेन्सिल, जी ती जेवायच्या आधीच काढायला विसरली होती. बोलता बोलता मला विसरायला झालं की मी हे कोणाला सांगतोय.

तिला हसू फुटणार असतं ना, त्याच्या अगदी आधी तिच्या चेहऱ्यावर एक गोष्ट होते. आईने फोनवर काहीतरी म्हटलं असेल, कारण ती तेव्हाही झाली, झाडाखाली, मी बघत असताना. शब्द तोंडाशी आला होता. तो डोळे मिटून वाट बघत होता.

"बस, एवढंच," मी म्हणालो.

ते मी त्याला सांगितलं नाही. इथेही लिहिणार नाही.

ती आत आली. आम्ही दोघं असे गप्प बसलेले बघून तिने विचारलं, "काय चाललंय?" तो म्हणाला, "तुझा नवरा मला एक पोर्ट्रेट दाखवत होता." ती माझ्याकडे वळली. मी उठून कॉफी करायला गेलो.

उन्हाळ्यात तो एडिनबरोला गेला, त्याच्या मुलीजवळ राहायला. डोळे आणखी बिघडले होते आणि एकट्याने राहणं आता जमणार नव्हतं. बायको दोन दिवस गप्प होती. मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याचं वाईट वाटलं, या क्रमाने. पण ते संपलं असं मात्र नाही. महिन्यातून एकदा ती कुठल्या तरी गॅलरीत जाते, कानाला इअरफोन लावते आणि त्याला फोन करून एखादं चित्र सांगते. मी बरोबर जातो. तिचा कोट आणि पिशवी धरतो आणि दोन पावलं मागे उभा राहून ऐकतो. त्यासाठी मला कोणी बोलावलेलं नाही, पण कोणी नकोही म्हटलेलं नाही.

मागच्या वेळी समुद्राचं चित्र होतं. ती सांगता सांगता अडली. फोनवर हात ठेवून तिने मला जवळ बोलावलं. "हा निळा काय म्हणशील रे? मला शब्दच सुचत नाहीये. अल्ट्रामरीन म्हटलं तर फार झगझगीत होतो."

मी कोट दुसऱ्या हातावर घेतला आणि पुढे झालो. निळ्याकडे बघितलं. थोडा मागे सरकून पुन्हा बघितलं, डोळे बारीक करून. तिकडे एडिनबरोत तो कानाला फोन लावून थांबला होता. मी घाई केली नाही.